वाचनालयाबाहेरचा टाइपरायटर

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला बसायला जागा नव्हती. कॉलेजात बाकं होती, वाचनालय होतं, कँटीन होतं. घरीही खिडकीजवळचा एक कोपरा माझा म्हणून सगळे सोडत. पण माझ्याजवळ टाइपरायटर होता, आणि त्याच्यासकट मला कुणी कुठं बसू देत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. टाइपरायटर मामांचा. ते औषधांच्या कंपनीत फिरतीवर होते, गावोगावच्या लॉजमध्ये बसून कंपनीसाठी रिपोर्ट टाइप करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना ती पेटी डोळ्यांसमोर नकोशी झाली आणि त्यांनी ती माझ्या हवाली केली. हिरवट रंगाचं, लहानसं इंग्रजी मशीन. झाकण लावलं की सुटकेससारखं हातात धरता येई. मला अर्थशास्त्राचा लघुप्रबंध टाइप करून द्यायचा होता. विषय होता हातमागावरच्या विणकरांच्या घरातल्या बायका. त्या दिवसभर सूत गुंडाळून कांड्या भरतात, गुंता सोडवतात आणि मजूर म्हणून मोजला जातो तो विणकर एकटाच, असं मला सांगायचं होतं. इतवारीच्या मागच्या वस्त्यांमधून हिंडून मी माहिती गोळा केली होती. आता ती नीट उतरवायची एवढंच उरलं होतं, आणि तेच होत नव्हतं.

घर नंदनवनात, दोन खोल्यांचं. थोरला भाऊ कापडगिरणीत रातपाळीला. सकाळी तो यायचा, चहा घ्यायचा आणि आतल्या खोलीत आडवा व्हायचा. गिरणीच्या धडधडीत रात्रभर उभा राहणारा हा माणूस घरातल्या एका ‘खट्’ने जागा होई. रागवत नसे. उठून बसे आणि नुसता माझ्याकडे पाहत राही, ते रागावण्याहून वाईट. शेवटी आई म्हणाली, “त्याले झोपू दे वं. तुह्यं ते खटखट कॉलेजात घेऊन जा.”

मग मी सायकलच्या कॅरिअरवर जुन्या ट्यूबनं मशीन बांधून न्यायला लागले. रेशीमबाग ओलांडेपर्यंत ट्यूब एकदा तरी सैल व्हायची, मी उतरून ती आवळायची. कॉलेजात पोचल्यावर पहिल्या दिवशी सरळ वाचनालयात गेले, कोपऱ्यातलं टेबल धरलं, झाकण काढलं. एक ओळ पूर्ण व्हायच्या आत सगळ्या माना वळल्या. ओळीच्या शेवटी घंटी वाजली तेव्हा ग्रंथपाल स्वतः उठून आले. भले गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. हे वाचनालय आहे, कचेरी नाही, एवढंच म्हणाले आणि मशीनवर झाकण ठेवायला मला मदत केली.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात गेले. तिथं हिवाळ्याचं ऊन यायचं, एक मोडकं बाक होतं, आणि रहदारी नव्हती. मशीन मांडीवर घेऊन मी सुरुवात केली. थोडा वेळ बरा गेला. मग खांबापलीकडून कुणीतरी विचारलं, “हे कोण कुटून राहिलं तिकडं?”

खांबापलीकडे दोघं जण बसले होते. एक मुलगा पुस्तक हातात धरून होता. तो मोठ्यानं वाचत होता आणि माझ्या आवाजानं थांबला होता. विचारणारा दुसरा. उंच, हाडकुळा, पांढरा शर्ट, मांडीवर आडवी टाकलेली काठी. त्याचे डोळे माझ्या दिशेला होते, पण माझ्यावर नव्हते. तो राज्यशास्त्राचा, माझ्याच वर्षाचा विद्यार्थी. लहानपणी देवीच्या तापात त्याची दृष्टी गेली होती. त्याची पुस्तकं कुणीतरी वाचून दाखवावी लागत, आणि ते वाचन वाचनालयात चालत नसे, म्हणून तोही या व्हरांड्यात आलेला.

मी म्हणाले, मलाही आतून हाकललंय. त्यावर त्यानं जरासं थांबून विचारलं, “तुम्ही दोन बोटांनं टाइप करता ना?”

मी हो म्हणाले.

“म्हणूनच त्रास होते. सलग आवाज असला असता तं मी ऐकलं नसतं. तुमचं कसं, एक खट्, मग विचार, मग दुसरं खट्. माणूस वाट पाहत बसते.”

मला राग आला. पण त्यानं लगेच, जरा ओशाळून, मशीन पाहू का म्हणून विचारलं. मी बाकावर त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं दोन्ही हातांनी ते सगळीकडून चाचपलं, रोलर फिरवून बघितला, कागद सरळ केला आणि टाइप करायला लागला. शहरातल्या अंधांच्या शाळेत तो हे शिकला होता. त्याची बोटं कुठल्या कुठं पळत होती. घंटी वाजली की डावा हात आपोआप कॅरेज ढकलत होता. त्याला वाचून दाखवणारा मुलगा पुस्तक मिटून बघत राहिला. कागद काढून मी पाहिला. परवा वर्गात झालेल्या व्याख्यानाचा सारांश होता, इंग्रजीत, आणि चूक शोधून सापडत नव्हती.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. मी माझा मजकूर वाचायचा, त्यानं टाइप करायचा; मग तितकाच वेळ मी त्याला त्याचं पुस्तक वाचून दाखवायचं. वाचणारा तो मुलगा दुसऱ्या वर्गाचा होता, त्याला सुटका झाल्यासारखंच वाटलं असावं.

पण व्हरांडाही आमच्याकडे राहिला नाही. पलीकडच्या वर्गात तास सुरू झाला तेव्हा प्राध्यापक खिडकीतून वाकून म्हणाले, पुढं व्हा. आम्ही कँटीनमध्ये गेलो. तिथं गोंगाट इतका, की आमच्या आवाजाची कुणी तक्रार करणार नव्हतं. पण रश्श्यावरच्या तर्रीचे शिंतोडे कागदावर पडत आणि आलूबोंड्याच्या तेलाचे हात पुसता पुसता कुणीतरी कळ दाबून बघे. शिवाय ज्याला त्याला अर्ज टाइप करून हवा असे. कुणाचा होस्टेलसाठी, कुणाचा फी-माफीसाठी. तो भरभर करून द्यायचा आणि मग माझ्यावरच चिडायचा, की तुमच्यामुळं मी या बाजारात बसून राहिलो. आम्ही आवारातल्या चिंचेखाली गेलो तर वाऱ्यानं कागद उडत. सायकलस्टँडच्या पत्र्याखाली गेलो तर तिथला वॉचमन म्हणाला, इथं गाड्या ठेवायच्या, माणसं नाहीत.

त्या दिवसांत मी सारखी चालत असे असंच मला आठवतं. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी, आणि माझ्या कोपराला किंचित धरून तो. कुठं बसलो तरी पाच ओळींत कान दाराकडे लागायचे, आता कोण येतं म्हणून. त्याचंही तसंच. टाइप करायला काही नसलं की त्याची बोटं काठीवर, मांडीवर, बाकाच्या कडेवर चालत राहत. स्वभावानं तो सोसणारा नव्हताच. लोकांनी ‘बिचारा’ म्हटलेलं त्याला खपत नसे. रस्ता ओलांडून द्यायला कुणी न विचारता हात धरला तर हात झटकून टाकी. माझ्या प्रबंधातल्या वाक्यांशीही तो भांडायचा. ‘या बायकांचे श्रम दुर्लक्षित राहतात’ असं मी वाचलं, की म्हणे, कोण करते दुर्लक्ष, त्याचं नाव घ्या ना. असं करत करत मला ती अर्धी पानं पुन्हा लिहावी लागली, आणि ती आधीपेक्षा बरी झाली.

एक मुलगी आणि एक मुलगा दिवसभर आवारात हिंडतात, हे नंदनवनात पोचायला फार वेळ लागला नाही. आमच्या लाइनीतल्या एका बाईंचा मुलगा त्याच कॉलेजात होता. एका संध्याकाळी आईनं कणीक तिंबता तिंबता विचारलं, “काहून वं, कोणासोबत बसून राहते तू?” मी खरं ते सांगितलं. बाबा कचेरीतून आल्यावर दोघांचं आत काहीतरी बोलणं झालं. आठवड्यात अकोल्याच्या एका स्थळाचा विषय निघाला.

दोन-तीन दिवसांनी आम्ही चिंचेखाली बसलो होतो. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवले होते. मी वाचत होते आणि सहज मान वर केली तर फाटकाशी भाऊ उभा. रातपाळी करून, न झोपता आलेला. डोळे लाल, कपड्यांवर कापसाचा भुगा. मी वाचायची थांबले. टाइप करणाऱ्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आणि पुढचं वाक्य वाचलं. का, ते मला सांगता येणार नाही. थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं असं वाटलं. कांड्या भरणाऱ्या बाईच्या मनगटाच्या दुखण्याबद्दलचा तो परिच्छेद होता. भाऊ पान संपेपर्यंत तिथंच उभा होता. मग वळून निघून गेला.

घरी आल्यावर आईनं मला काहीच विचारलं नाही. पुढं केव्हातरी तिच्याच तोंडून कळलं, की भाऊ झोपण्याआधी तिला म्हणाला होता, “तिथं काही नाही. नुसता आवाज आहे.”

मार्चमध्ये वाचनालयात मोठा कूलर लागला. त्याच्या पंख्याची खडखड अशी, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मी ग्रंथपालांकडे गेले आणि म्हटलं, आता आमचा आवाज कुणाला कळणारही नाही. त्यांनी कूलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तो आवाज सगळ्यांसाठी आहे, तुमचा फक्त तुमच्यासाठी. मी दिवसभर धुमसत राहिले. तरी महिनाअखेर प्रबंध पूर्ण झाला. बांधून दिला. विभागप्रमुखांनी तो हातात तोलून ठेवून घेतला.

आता उरली परीक्षा, आणि खरी धावपळ तिथून सुरू झाली.

अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळत असे. तो खालच्या वर्गातला असावा असा नियम. म्हणजे त्याला विषय येत नसावा. पहिल्या वर्षी याला मिळालेल्या लेखनिकाला राज्यशास्त्र तर नाहीच, इंग्रजीही धड येत नव्हतं. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग सांगत बसावं लागलं, वेळ गेला, मार्क गेले. या वर्षी त्यानं ठरवलं होतं, पेपर स्वतः टाइप करायचा. मला म्हणाला, “बरोबर असो का चूक असो, मले माह्या हातानं लिहू द्या. दुसऱ्याच्या हातानं मी चूकसुद्धा करू शकत नाही.”

अर्ज केला. परीक्षाकेंद्राचे प्रमुख रसायनशास्त्राचे जुने प्राध्यापक होते, शिस्तीचे. त्यांचा पहिला प्रश्न आवाजाचा. एका दालनात शंभर मुलं लिहितात, तिथं हे कसं चालेल? आम्ही म्हटलं, वेगळी खोली द्या. वेगळी खोली म्हणजे वेगळा पर्यवेक्षक. मग मशीन कुणाचं, त्यात चिठ्ठ्या दडवल्या तर, असे प्रश्न. आम्ही रोज जायचो, बाहेरच्या बाकावर बसायचो, आत बोलावलं की उभं राहून तेच सांगायचो. परीक्षा तोंडावर आली आणि परवानगी मिळाली. खेळांच्या सामानाची खोली, कॅरमबोर्ड भिंतीला लावलेले, एक टेबल. मशीन रोज आधी तपासलं जाणार आणि मी आत पाऊल टाकायचं नाही.

माझे स्वतःचे पेपर दुपारचे असत, त्याचे सकाळचे. ऊन तापायच्या आत मी नंदनवनातून सायकल दामटत यायची, मशीन पर्यवेक्षकांच्या हाती द्यायची आणि बाहेर चिंचेखाली माझी टिपणं उघडून बसायची. पहिला पेपर उत्तम गेला. खिडकीतून सलग आवाज येत होता, मधूनमधून घंटी. त्या आवाजावर माझंही वाचन झालं.

दुसऱ्या पेपरलाही तसाच आवाज येत होता. वेळ संपल्याची घंटा झाली, तो दारात आला. चेहरा घामानं ओला, पण खूश. मनासारखा गेला म्हणाला. पाठोपाठ पर्यवेक्षक आले. त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि ते तो उलटसुलट करून पाहत होते. मला म्हणाले, “बाई, यावर काहीच उमटलेलं नाही.”

मी कागद पाहिले. पांढरे होते. पहिल्या पानावर वरच्या ओळींत करड्या रंगाची पुसट छाया होती, पुढं तीही नाही. मी आत धावले, मला कुणी अडवलं नाही. मशीनच्या बाजूला एक लहानसा खटका असतो. तो वर केला की काळी शाई, मध्ये आणला की लाल, आणि एकदम खाली केला की शाईची रिबन अक्षराच्या आड येतच नाही. छपाईची मेणकागदी स्टेन्सिल कापण्यासाठी ती सोय. खटका खाली होता. सकाळी झडती घेताना कुणाचं बोट लागलं, का सायकलवरच्या धक्क्यानं सरकला, ते आजही सांगता येणार नाही. पर्यवेक्षक सगळा वेळ दारात, वाऱ्याला खुर्ची टाकून बसले होते. टाइपाचा आवाज येत होता, त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. आणि ज्याला बघता येत नव्हतं त्याला तर काय कळणार.

त्याला सांगणं माझ्यावर आलं. मी सांगितलं. त्यानं हात पुढं केला, एक कागद घेतला, पालथा केला आणि बोटांची टोकं त्यावरून हळूहळू फिरवली. एकदा, दोनदा. मग म्हणाला, “आहे. सगळं आहे यात.”

रिबन नसली तरी अक्षरांचे खिळे कागदावर आपटत होतेच. प्रत्येक अक्षराचा वळ मागच्या बाजूनं उठला होता. मी एक कागद दाराच्या उजेडात तिरपा धरला. सुरुवातीला काही दिसेना. मग बोटभर कागद कलला आणि ओळीच्या ओळी सावलीसारख्या वर आल्या.

केंद्रप्रमुखांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी कागद बघितले, आणि म्हणाले की नियमाप्रमाणे हा कोरा पेपर आहे. तो म्हणाला, मी आत्ता बसतो आणि पुन्हा टाइप करतो. सर म्हणाले, वेळ संपली. तो म्हणाला, वेळेतच लिहिलंय. दोघांचेही आवाज चढले नाहीत, पण मला उभं राहवेना. मी दारातून खिडकीशी आणि खिडकीपासून दाराशी अशा फेऱ्या मारत होते. पर्यवेक्षक कॅरमबोर्डांना टेकून उभे होते, बहुतेक स्वतःच्या नोकरीचा विचार करत.

मग सर एक कागद घेऊन दाराशी गेले. प्रयोगशाळेत परीक्षानळी धरतात तसा त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, तिरका केला, चष्मा वर सरकवला. सावकाश त्यांनी एक इंग्रजी वाक्य वाचलं. राज्यपालांच्या अधिकारांबद्दल काहीतरी होतं. दुसरं वाक्य निम्म्यावर अडलं, अक्षर लागेना. तेव्हा टेबलाजवळ उभ्या असलेल्या त्यानं ते वाक्य पूर्ण केलं, आणि त्याच्या पुढचं, आणि त्याच्या पुढचं. सर कागद कलवत, बोटानं ओळ धरत त्याच्या मागोमाग चालले होते. एका ठिकाणी त्यांनी त्याला थांबवलं.

“इथं तुम्ही ‘शॅल’ म्हणालात. कागदावर ‘मे’ आहे.”

तो जरा विचारात पडला. म्हणाला, “मग ‘मे’च धरा सर. ‘शॅल’ मले आता सुचलं.”

सरांनी कागद खाली घेतला. मग त्यांनी पर्यवेक्षकांकडून सगळी पानं मोजून घेतली, स्वतः पाकिटात घातली, लाख लावली, आणि वर सोबत चिठ्ठी लिहिली की पेपर कोरा नसून तिरप्या प्रकाशात वाचता येतो, तज्ज्ञाकडून नक्कल करून मग तपासावा. आम्हाला म्हणाले, माझ्या हातात एवढंच आहे. विद्यापीठवाले मानतील किंवा नाही मानणार.

मला वाटलं होतं, आता तरी जरा शांत वाटेल. उलट झालं. त्या दुपारी मी माझा पेपर कसा लिहिला ते मला आठवत नाही. आणि त्याचं तर बिघडूनच गेलं. पुढच्या पेपरला मी खटका सुतळीनं वर बांधून दिला, त्याला हातानं तपासून दाखवला. तरी बाहेर बसून मला ऐकू येत होतं. पहिल्यासारखा सलग आवाज नव्हताच. एक ओळ, मग थांबणं, मग एक ओळ. तो प्रत्येक ओळीनंतर कागद चाचपत होता. शाई लागली का, हे बोटांना कळत नाही हे त्याला माहीत होतं, तरी चाचपत होता. शेवटी पर्यवेक्षकांना विचारायचा, उमटतंय का सर? ते हो म्हणायचे. दोन ओळींनी पुन्हा विचारायचा. शेवटचा प्रश्न तसाच राहिला. बाहेर आल्यावर तो काठी आपटत रिक्षास्टँडपर्यंत एकटा गेला.

निकाल लागला तेव्हा मी पास होते. त्याचा निकाल राखून ठेवला होता. ऐन उन्हाळ्यात, डोक्याला दुपट्टा बांधून, आम्ही विद्यापीठात चौकशीला जात राहिलो. पुढच्या आठवड्यात या, साहेब रजेवर आहेत, नक्कल चालू आहे. कुणी वाईट बोललं नाही. पण कुणालाच काही नक्की माहीत नव्हतं. घरी अकोल्याची मंडळी येऊन गेली होती आणि कळवतो म्हणाली होती. मी त्यांच्याही उत्तराची वाट पाहत होते, आणि ते नकारार्थी यावं म्हणून देव पाण्यात ठेवले होते. उत्तर आलंच नाही, हेही एक उत्तरच होतं.

पावसाळा अर्धा सरला आणि एके दिवशी तो नोटीसबोर्डापुढच्या गर्दीत मला घेऊन गेला. म्हणाला, वाचा. मी वाचलं. पास, दुसऱ्या वर्गात. मग गुणपत्रिका हातात आली. मी एकेक आकडा सांगत गेले. न उमटलेल्या पेपरला चांगले मार्क होते. खटका बांधून दिलेल्या पेपरात तो जेमतेम सुटला होता. त्यानं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं हसला. “कोरा पेपर तरला, आणि भरलेला बुडता बुडता वाचला,” म्हणाला. मला हसू आलं नाही. मी तिथंच पायरीवर बसले.

पुढं त्याला वर्ध्याकडच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. रुजू व्हायच्या आधी त्याला स्वतःचं मशीन घ्यायचं होतं, आणि त्यासाठी तो मला बर्डीच्या बाजारातल्या टाइपरायटर-दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार जुनी मशीनं एकेक करून पुढं ठेवत होता आणि रंग, पॉलिश दाखवत होता. हा कान लावून दोन ओळी टाइप करी आणि बाजूला सारी. शेवटी एक जड, जुनं, कचेरीत वापरतात तसलं मशीन त्यानं घेतलं. मी म्हटलं, हे घेऊन हिंडता येणार नाही. तो म्हणाला, “आता काहून हिंडायचं? मले टेबल भेटलं आहे.”

रिक्षात मशीन आमच्या दोघांच्या मध्ये होतं. एस.टी. स्टँडवर गाडीला वेळ होता. त्यानं मला विचारलं, आता तुम्ही काय करता? मी म्हणाले, पाहू. आईबाबा स्थळं बघतात, चंद्रपूरला एका कॉलेजात रजेवरची जागा आहे असंही ऐकलंय, अर्ज करावा का नाही तेच कळत नाही. तो म्हणाला, “माह्यासाठी इतक्या खोल्यांच्या दारात उभ्या राहिल्या. स्वतःसाठी एकाही नाही.”

गाडी लागली. कंडक्टरनं मशीन वर चढवून दिलं. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि जिकडे मी उभी नव्हते तिकडे हलवला. मी सरकून त्या हाताच्या समोर गेले.

चंद्रपूरचा अर्ज मी त्याच आठवड्यात टाकला. मग बोलावणं आलं. बाबा म्हणाले, रजेवरची जागा, सहा महिन्यांत परत येशील. आई म्हणाली, तिकडं जेवशील कुठं. निघायच्या दिवशी भाऊ रातपाळीहून आला, चहा घेतला आणि झोपायला गेला नाही. माझी ट्रंक सायकलवर बांधून तो स्टँडपर्यंत चालत आला. वाटेत लकडगंजजवळ हातगाड्यांची गर्दी होती, तिथं आम्हाला थांबावं लागलं. तेव्हा तो म्हणाला, “दिवसा तास घ्याचे, रात्री झोपाचं. तुले दिवसपाळी भेटली, चांगलं झालं.”

रजेवरची ती जागा पुढं कायम झाली. मी सव्वीस वर्षं तिथं शिकवलं.